दुसरी चिठ्ठी

भोईपुऱ्यात पारबता मारबते
मासा डोळ्यांनी ओळखत नाही,
अंगठ्याने ओळखते.
टबातल्या काळ्या वळवळीत हात घालते,
सिंघी असली तर मात्र थबकते.
छातीच्या पराशी तिचा काटा,
एकदा लागला की रात्रभर
कोपरापर्यंत ठणका.
"पाठ पाहून घ्या जी," ती म्हणते,
"सिंघीच्या पाठीवर येवढासाच पर, नखायेवढा.
मागुराले शेपटीलोक झालर."

एवढं तर मीही शिकवतो.
तेवीस वर्षं, प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष.
मिशांच्या चार जोड्या, फळ्यावर, खडूने.
माझ्या हातून मागुराच्या मिशा नेहमी
जरा जास्तच वळणदार येतात.

पण मागूर आणि मागूर?

इथे मी गप्प होतो.
दोघेही काळपट, चपट्या डोक्याचे,
दोघेही टोपलीत पाण्यावाचून
तग धरून राहणारे.
"अजी मास्तर, हात द्या इकडे."
माझा अंगठा धरून ती
एकाच्या डोक्यामागे फिरवते,
जिथे कवटी संपून मऊ पाठ सुरू होते.
"गोल लागते ना? भाकरीच्या कडेवाणी. हा देशी.
आता हा पाहा.
मधात टोक, बाजूले खाचा.
हा थाई. याचं डोस्कं याच्याच अंगाले जड.
अंगावर डाग कसे, डांबर सांडल्यावानी.
देशी वीत-दीड वीत.
हा खात सुटला तं पोरायेवढा होते."
बर्फावर पाणी मारत म्हणाली,
"बंदी आहे याच्यावर. लोकं देशी म्हणून विकते.
मी नाही विकत."
आणि एक गिऱ्हाईक होऊन गेल्यावर,
"पयले विकला. माहीत नव्हतं तवा."

कॉलेजच्या संग्रहालयात
खिडकीजवळ, तिसऱ्या फळीवर एक बरणी आहे.
'मागूर (देशी). अंबाझरी तलाव. ऑगस्ट १९९८.'
अक्षर माझं.
सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आणला होता.
धरमपेठेपर्यंत तो पिशवीत हलत होता
आणि मी शीळ घालत होतो.

आज उईकेने झाकण उघडून दिलं.
"सर, हातमोजे."
मी नको म्हटलं.
फॉर्मॅलिनने डाग केव्हाच खाल्लेले,
आठ मिशांपैकी तीन उरलेल्या,
रंग जुन्या मेणबत्तीचा.
डोक्यामागे अंगठा नेला.
हाड थंड.
मधात टोक.
बाजूला खाचा.

तेवीस तुकड्यांनी याच बरणीवरून चित्रं काढली,
खाली 'देशी' लिहिलं,
आणि मी लाल शाईने बरोबरच्या खुणा केल्या.
फक्त मृणाल ठवकरने, दोन हजार अकरात,
कोपऱ्यात बारीक लिहिलं होतं:
'सर, डोकं पुस्तकातल्यापेक्षा मोठं वाटतं.'
मी अर्धा गुण कापला.
शेरा: निरीक्षण नीट करा.

बरणीवरची जुनी चिठ्ठी फाडायची नसते,
संग्रहालयाचा नियम आहे.
चूकही नमुन्याबरोबर जपायची,
तिच्या खाली दुसरी चिकटवायची.
मी लिहिलं: थाई मागूर.
तारीख.
ओळख पटवणार, या रकान्यापाशी
पेन जरा थांबलं.
पारबता मारबते, भोईपुरा.
"पदवी काय लिहू सर, नोंदवहीत?" उईके.
मी म्हटलं, रकाना मोठा आहे,
नुसतं नाव लिही, ठळक.

बुधवारी तिला विचारलं,
खराखुरा देशी एक हवाय, छोटा चालेल.
ती हसली नाही.
"आता कुठं येते जी.
कन्हानकडून कधीमधी, पाणी उतरलं का.
सांगून ठेवते. मिळन तं मिळन."

उईकेने शेजारची एक बरणी घासून
पालथी घालून ठेवली आहे.
आतल्या बाजूने
अजून पाणी ओघळतंय.